आधीचा ठोका, नंतरचा ठोका

परळीच्या औष्णिक वीज केंद्रातलं जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. ती लय तारांमधून गावोगाव जाते. सिरसाळ्यातल्या आमच्या घरात ती भिंतीत आहे, पंख्यात आहे, फ्रीजच्या पाठीमागे आहे. आणि माझ्या आईच्या छातीवरून घेतलेल्या नोंदीतही आहे. हृदयाची वीज कातडीपर्यंत पोचताना एक सहस्रांश व्होल्टच्या आसपास उरते. घरातली वीज २३० व्होल्टची. दोन लाखांहून अधिक पटींनी थोरली असलेली ती वीज अंगाला न शिवताही देहात उतरते आणि आलेखाची रेघ काटेरी करून सोडते. आमच्या तारेतली वीज परळीची की चंद्रपूरची, हे खरं तर सांगता येत नाही. आता सगळ्या देशाचं जाळं एकाच लयीत बांधलेलं आहे. पण परळीची धुराडी लहानपणापासून पाहत आले, म्हणून त्या थरथरीला मी मनात परळीचीच म्हणते.

आईची तक्रार जुनी. "मधीच एक ठोका गळतो गं. थांबल्यावानी होतंय, अन् मग धाडकन् एक बसतो." हे सांगताना तिचा हात छातीवर नसायचा, गळ्याच्या खोबणीशी असायचा. दवाखान्यात नेलं की ईसीजी निघायचा आणि दर वेळी तो स्वच्छ असायचा. यात कुणाची चूक नव्हती. नेहमीचा ईसीजी १० सेकंदांचा असतो. दिवसाला लाखभर ठोके पडतात. त्यांतले दहा-बारा आपण पाहतो आणि बाकीच्यांबद्दल त्यांच्यावरून बोलतो. आईचा गळणारा ठोका त्या दहा-बारांत सापडत नव्हता, इतकंच.

ईसीजी काढतानाचं तिचं रूप माझ्या डोळ्यांपुढे पक्कं आहे. हिरव्या बांगड्या कोपराकडे सारून लाल चिमटा उजव्या मनगटाला, पिवळा डाव्या मनगटाला, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या पायाला. छातीवर जेल लावून सहा रबरी बल्ब. रानात राबलेल्या अंगाची कातडी जाड, त्यामुळे जेल जरा जास्तच चोळावं लागतं. तंत्रज्ञ मुलगी म्हणते, "हलू नका मावशी, श्वास नेहमीसारखा घ्या." असं म्हटलं की श्वास नेहमीसारखा राहत नाही. दंड ताठ होतात, मग स्नायूंची वीज रेघेत मिसळते. छाती भरली की सगळी रेघच वर सरकते, सोडली की खाली येते. गुलाबी चौकटींचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकत राहतो. एक बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद.

त्या कागदावर काय असतं? आधी एक लहानसा उंचवटा. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या माथ्याशी पेशींचा एक पुंजका आहे, तिथून निघालेली लहर वरच्या दोन कप्प्यांवर पसरली त्याची ही खूण. मग थोडी विश्रांती. खालच्या कप्प्यांना रक्त भरून घ्यायला वेळ मिळावा म्हणून लहर मधल्या गाठीत क्षणभर अडते. मग उंच, अरुंद शिखर: खालचे दोन बलदंड कप्पे आवळले गेले. आणि शेवटी पसरट टेकडी, पुढच्या ठोक्यासाठी त्यांची पुन्हा तयारी झाली. पी, क्यूआरएस, टी. ही नावं विलेम आइंटहोवेन यांनी दिली. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी यंत्र बांधलं ते पावणेतीनशे किलोंच्या घरातलं. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसत. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा धागा ताणलेला असे, आणि हृदयातली वीज वाहिली की तो हलायचा. इतका बारीक धागा काढायचा कसा? वितळलेलं क्वार्ट्झ बाणाला चिकटवून बाण सोडायचा. बाण जाताना मागे तंतू ओढत नेतो. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मला मात्र तो बाण जास्त आवडतो.

पण चालींना नावं देण्याचं काम आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनं आहे. शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास, नाडीपरीक्षा आली आहे. वाताची नाडी जळूसारखी, सापासारखी चालते. पित्ताची कावळ्यासारखी, बेडकासारखी. कफाची हंसासारखी, पारव्यासारखी. आणि थांबत थांबत चालणारी नाडी जिवावर बेतते, असंही त्यात आहे. वात-पित्त-कफाच्या त्या निदानाला आजच्या तपासणीचं स्थान मी देणार नाही. पण तीन बोटं मनगटावर ठेवून बसलेल्या त्या वैद्याने एक गोष्ट अचूक हेरली होती: चाल एका पावलात दिसत नाही. बेडूक एका जागी बसलेला असेल तर तो कसा चालतो ते कळायचं नाही. त्याला पाहत राहावं लागतं.

आमच्या तालुक्याचा देव वैद्यांचा नाथ आहे. मंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी परळीच्या लिंगात दडवले, अशी आख्यायिका इथे घरोघर सांगतात. या ज्योतिर्लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं. आई श्रावणात जाते, तळवा लिंगावर टेकवते आणि बराच वेळ उचलत नाही. मागच्या रांगेतल्या बायका कुरकुरतात, तरी उचलत नाही.

मी कॉलेजात संगणक शिकवते, आणि त्यातला माझा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे हृदयाच्या नोंदींतले बिघडलेले ठोके वेगळे काढणं. बाहेरून तो कोरडा वाटतो. नोंद म्हणजे संगणकाच्या लेखी आकड्यांची रांग: सेकंदाला शेकडो आकडे. त्या रांगेत आधी ठोका शोधायचा. ज्वारी चाळताना वरच्या चाळणीत काड्या-खडे अडतात, खालच्या बारीक चाळणीतून माती गळून जाते आणि मध्ये दाणा उरतो. गाळणीचं काम तसंच आहे. श्वासाबरोबर झुलणारी संथ लाट काढून टाकायची, ५० हर्ट्झची परळीची थरथर आणि स्नायूंची कुजबूज काढून टाकायची, मध्ये उरतं ते शिखर. जियापू पान आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी १९८५ साली यासाठी जी रीत मांडली, ती आजही वर्गात शिकवताना मन भरून येतं. ५ ते १५ हर्ट्झच्या दरम्यानचं तेवढं ठेवा. मग चढ किती तीव्र आहे ते काढा. त्याचा वर्ग करा, म्हणजे उतारसुद्धा धन होतात आणि मोठं ते आणखी मोठं दिसतं. मग दीडशे मिलिसेकंदांच्या खिडकीतून सगळं एकत्र करा. आणि ठोका म्हणायची पातळी एकदाच ठरवून बसू नका. आधीचे ठोके कसे होते त्याप्रमाणे ती खाली-वर करत राहा. ही शेवटची अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. प्रत्येक हृदयाला त्याच्याच मापाने मोजायचं.

ठोका सापडला की त्याला नाव द्यायचं. नेहमीचा, वरच्या कप्प्यांतून अवेळी आलेला, खालच्या कप्प्यांतून उठलेला, दोन्हींच्या मिलाफाचा, आणि नाव न देता येणारा, असे पाच गट जगभर वापरले जातात. नाव कशावरून द्यायचं? शिखराची रुंदी, आकार, आधी पी आहे की नाही, हे तर आहेच. पण या सगळ्यांत फार मोठी कामगिरी करतात ती दोन साधी अंतरं: आधीच्या ठोक्यापासून हा किती अंतरावर, आणि पुढचा याच्यापासून किती अंतरावर. ठोका एकटा काढून हातात घेतला तर तो अर्धाच कळतो. आणि अंतरं सारखी नसणं म्हणजे लगेच बिघाड, असंही नाही. निरोगी हृदय श्वास आत घेताना थोडं घाई करतं, सोडताना रेंगाळतं. रेघेवर मोजून मापून सारखी अंतरं दिसली, तर जाणता डॉक्टर उलट थांबून पाहतो.

संगणक हे शिकला कुणाकडून? बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात १९७५ ते १९७९ या काळात घेतलेल्या नोंदींकडून. एमआयटी-बीआयएच या नावाने तो संग्रह १९८० साली खुला झाला: ४७ माणसं, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी. जॉर्ज मूडी आणि रॉजर मार्क यांची नावं त्याच्याशी कायमची जोडलेली आहेत. प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती कागदावर काढल्या गेल्या, प्रत्येक पट्टी ४५ मीटरच्या आसपास लांब. दोन हृदयरोगतज्ज्ञांनी एकमेकांचं न पाहता त्यावर प्रत्येक ठोक्याचं नाव हाताने लिहिलं. जिथे दोघांचं जुळलं नाही तिथे बसून चर्चा केली. असे एक लाखाहून अधिक ठोके. आज ज्याला यंत्राची बुद्धी म्हणतात, तिच्या तळाशी अशी डोळे फोडून केलेली मेहनत आहे. त्या लांब पट्ट्यांवर वाकलेली माणसं मला फार जवळची वाटतात.

आईला शेवटी होल्टर लावला, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र. मोंटानाच्या नॉर्मन होल्टर यांचं पहिलं यंत्र पाठीवर बांधून न्यायचं होतं, आणि वजन ३८ किलोंच्या आसपास. आईचं यंत्र पोलक्याच्या आत लपलं. चोवीस तास ते अंगावर, अंघोळ नाही, बाकी सगळं नेहमीचं. सोबत एक वही देतात: छातीत काही झालं की वेळ लिहायची. आई घड्याळ पाहत नाही. माझी भाची तिच्यासोबत बसली आणि आजी सांगेल तसं लिहीत गेली. "शेळ्या सोडल्या तव्हा." "परळीची गाडी गेली तव्हा." "लाइट गेली, अन् मी उठून बसले तव्हा." डॉक्टरांना मिनिटं हवी होती, वहीतल्या या वेळा पाहून ते थोडे गोंधळले. पण मला वही पुरेशी होती. गाडीची वेळ गावाला ठाऊक असते. आणि लाइट गेल्याची वेळ तर नोंदीतच होती: कच्च्या आकड्यांत ५० हर्ट्झची ती काटेरी किनार एका जागी तुटली होती आणि तिथून पुढे रेघ लख्ख झाली होती. गाव अंधारात गेलं तो क्षण आईच्या छातीवर लिहिला गेला होता. त्या जागेपासून थोडं पुढे सरकले आणि तो दिसला.

नेहमीच्या ठोक्यांची रांग चाललेली. मध्येच एक अवेळी. आधी पी नाही, शिखर रुंद, तीन बारीक चौकोनांहून अधिक, टेकडी उलट्या दिशेला वळलेली. खालच्या कप्प्यातल्या कुठल्याशा पेशींनी वरून हुकूम यायची वाट न पाहता स्वतःच आवाज दिला होता. मग लांबलेली विश्रांती. मग पुन्हा नेहमीचा ठोका.

आई म्हणायची, एक ठोका गळतो. गळलेला नव्हता, उलट घाई करून आधीच आला होता. पण तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नव्हतं, म्हणून तो मनगटापर्यंत पोचलाच नाही. आणि ज्याला ती "धाडकन् बसतो" म्हणायची, ज्याने ती रात्री उठून बसायची, तो तर विश्रांतीनंतरचा नेहमीचा, निरोगी ठोका होता. थांबण्याच्या वेळात हृदय जास्त भरलं, म्हणून त्याने जास्त जोर लावला. इतकी वर्षं आई भीत आली ती चांगल्या ठोक्याला. हे तिला समजावलं तेव्हा ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हंजी ज्यो सावरून घेतो त्येच्यावरच आपुन चिडायचो."

मग इको झाला. हृदयाची रचना ठीक, आवळण्याची ताकद चांगली. अशा हृदयात अधूनमधून येणारे असे ठोके बहुतेक वेळा धोक्याचे नसतात, हे डॉक्टरांनी तिला तिच्या भाषेत सांगितलं. सगळ्यांचं असं सुखाचं निघत नाही. लहानपणी घसा सुजून संधिवाताचा ताप येतो, तो वर्षांनंतर हृदयाच्या झडपेवर उतरतो. झडप अरुंद होते, वरचा कप्पा ताणला जातो, आणि एक दिवस त्याची लय पूर्ण विस्कटते. मग पी उरत नाही, नुसती थरथर उरते, आणि ठोक्यांची अंतरं कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी मेंदूकडे जाते. बाळंतपणात पहिल्यांदा दम लागून हा आजार उघडा पडलेल्या बायका अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना अनोळखी नाहीत. दसऱ्यानंतर आमच्या भागातली घरंच्या घरं ऊस तोडायला कोयत्यावर जातात. जी बाई पहाटे फडात मोळ्या उचलते, तिच्या छातीवर चोवीस तास तारा कोण लावणार? तिला धडधडलं तर ती उन्हाचं म्हणते, भुकेचं म्हणते, आणि पुढची मोळी उचलते.

इथेच माझ्या विषयातली एक गाठ आहे, आणि तिच्याबद्दल मला पोटतिडकीने बोलावंसं वाटतं. ठोके ओळखणाऱ्या प्रोग्रामबद्दल ९९ टक्के अचूक असं पुष्कळदा लिहिलेलं असतं. ते आकडे खोटे नसतात. पण पुष्कळदा एकाच माणसाचे काही ठोके शिकवण्यासाठी आणि उरलेले परीक्षेसाठी घेतलेले असतात, म्हणजे परीक्षेत ओळखीचेच चेहरे येतात. २००४ साली फिलिप डी चझल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच बोस्टनच्या संग्रहाचे माणसांप्रमाणे दोन भाग केले: शिकायचं एका गटावर, परीक्षा परक्या गटावर. मग कसोटी खरी झाली, आणि अवघडही. शिवाय त्या संग्रहात दहांतले जवळजवळ नऊ ठोके नेहमीचे आहेत. प्रत्येकाला डोळे मिटून "नेहमीचा" म्हणणारा प्रोग्रामसुद्धा नव्वदच्या आसपास गुण मिळवतो, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो एकही ठोका त्याला सापडलेला नसतो.

बोस्टनच्या त्या ४७ जणांत सिरसाळ्याचं कुणी नव्हतं. नंतर जर्मनीतून, चीनमधून, ब्राझीलमधून खूप मोठे संग्रह आले. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावेल असं टेली-ईसीजी यंत्र बनवलं, ते मोबाइलवरून आलेख दूरच्या डॉक्टरांपर्यंत पोचवतं. यंत्राची वानवा आता पूर्वीसारखी नाही. हवी आहेत ती माणसं, मराठवाड्यातली: झडपेच्या आजाराची, फडात राबलेली, अंगात रक्त कमी असलेली, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेली. त्यांच्या संमतीने, नाव काढून, दोन-दोन डॉक्टरांनी हाताने खुणा केलेल्या नोंदी. परक्या यंत्राने आपल्या माणसाला "नेहमीचा" म्हणून परत पाठवू नये असं वाटत असेल, तर आपलं माणूस त्याला आधी दाखवावं लागेल.

आईच्या नोंदीपासून सुरुवात केली. प्रोग्रामने ठोक्यांना नावं दिली आणि एका जागी तो अडला. एक ठोका ना अरुंद, ना पुरता रुंद. पी वेळेवर आलेला, शिखर मात्र अर्ध्यातून वाकडं झालेलं. डॉक्टरांनी तो पडद्यावर मोठा करून पाहिला, मागचे चार पाहिले, पुढचे चार पाहिले. "दोन्ही लहरी वाटेत भेटल्यात," ते म्हणाले. वरून हुकूम निघाला होता, त्याच वेळी खालूनही आवाज उठला, आणि दोघांचा मिळून एकच ठोका झाला. मिलाफाचा, म्हणजे एफ. त्यांनी लिहिलं. आता हीच नोंद त्यांच्या खुणा पुसून दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला हवी होती. बोस्टनचा नियम तोच.

पाठवण्याआधी आईला विचारलं. परक्या लोकांनी तुझं काळीज पाहिलेलं चालेल का, नाव कुठेही येणार नाही. तिने पदराने तोंड पुसलं. "दे की. पर वय खरं लिही."

आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जून आहे, तिच्या वयाच्या अर्ध्या गावासारखी. गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली.

"मग खरं किती?"

"बहात्तरच्या दुष्काळात मायसंगं खडी फोडायला जात हुते. दहा-एक वर्साची आसंल. सुकडी मिळायची. तितनं मोज."

मी मोजलं, आणि फाइलच्या माथ्यावर लिहिलं: स्त्री, वय साठीच्या पुढे, बीड जिल्हा. मग ती दुसऱ्या डॉक्टरांना पाठवून दिली.